नावाची किंमत

श्रावण सरू लागला की गोमंतकातील बाजारपेठांना जी जाग येते ती तुळशीच्या लग्नापर्यंत टिकते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो, मडगावचे न्यू मार्केट असो, की सीमेपलीकडील बेळगावचा खडेबाजार असो, माटोळीच्या सामानापासून दिवाळीच्या कपड्यांपर्यंत सारी खरेदी याच दिवसांत होते. या खरेदीच्या यादीत अलीकडे दोन नव्या सदरांची भर पडली आहे. एक त्वचेच्या निगेचे. त्यात सकाळचे क्रीम, रात्रीचे क्रीम, सीरम, फेसवॉश, सनस्क्रीन अशा अनेक बाटल्या आणि नळ्या येतात. दुसरे सदर नामांकित कंपनीच्या पर्सचे, गॉगलचे, घड्याळाचे, पट्ट्याचे आणि चपलेचे. पूर्वी ही चैन मोजक्या घरांपुरती होती. आज बँकेतील कारकुनाची मुलगी, महाविद्यालयातील विद्यार्थी, इतकेच काय शाळकरी मुलेही या मालाची गिऱ्हाइके झाली आहेत. दुकानात जाण्याचीही गरज उरलेली नाही. हातातल्या फोनवरून मागणी नोंदवली की माल दारात येतो. आपण नेमके काय विकत घेतो आणि कशाचे पैसे मोजतो, याचा विचार त्यामुळेच अधिक निकडीचा झाला आहे.

नटण्यामुरडण्याला आमचा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अबोलीचा वळेसर माळणाऱ्या आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून न्हाणाऱ्या समाजाने सौंदर्यप्रसाधनांच्या नावाने नाक मुरडावे, यात ढोंगाखेरीज दुसरे काही नाही. परदेशी मालाचे आकर्षणही आपल्याकडे कालपरवाचे नव्हे. पोर्तुगीज अमदानीत आयातीवरील कर कमी असल्यामुळे परदेशी साबण, अत्तरे आणि घड्याळे गोव्याच्या बाजारात सहज मिळत. मुक्तीनंतर ती वाट बंद झाली, तेव्हा चोरट्या मार्गाने आलेल्या मालाला किनाऱ्यावर कशी किंमत येई, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. १९९१ नंतर आर्थिक धोरण बदलले, आयातीचे दरवाजे उघडले आणि जो माल लपून विकला जात होता तो काचेच्या कपाटात येऊन बसला. हौस जुनीच आहे. बदलले आहे ते तिचे प्रमाण, आणि तिच्यामागे उभा असलेला विक्रेत्यांचा डोळस, संघटित व्यापार.

स्वतंत्र भारताने या हौसेचा विचार एके काळी निराळ्या दृष्टीने केला होता. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन खर्ची पडू नये म्हणून देशातच चांगला माल तयार व्हावा, या हेतूने १९५२ साली टाटा उद्योगसमूहाने ‘लॅक्मे’ ही कंपनी काढली. लक्ष्मी या नावाचेच हे फ्रेंच वळणाचे रूप. त्याच वर्षी केशव पेंढरकर यांनी ‘विको’ची स्थापना केली. पुढे या कंपनीचे हळदीचे क्रीम घरोघर पोहोचले, तेव्हा ते औषध की सौंदर्यप्रसाधन असा वाद अबकारी खात्याने उपस्थित केला. प्रसाधन ठरले असते तर कर जास्त पडला असता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्या काळात सरकारला चिंता होती ती चलनाची आणि कराची. ग्राहकाच्या कातडीची चिंता मात्र फारशी कोणी केली नाही. पुढे १९९८ साली ‘लॅक्मे’ही हिंदुस्थान लिव्हरकडे गेली आणि स्वदेशी-परदेशी हा भेद गिऱ्हाइकाच्या लेखी जवळजवळ पुसला गेला.

कातडीची चिंता करण्यासारखी परिस्थिती आज निश्चितच आहे, आणि तिचे मूळ आपल्या एका जुन्या दुखण्यात आहे. हे दुखणे म्हणजे गोऱ्या रंगाचे वेड. ‘पी हळद नि हो गोरी’ ही म्हण उतावळेपणाची थट्टा करण्यासाठी जन्मली. बाजाराने ती थट्टा गंभीरपणे घेतली आणि तिच्यावर व्यापार उभारला. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम भारतीय बाजारात आले. काळ्यासावळ्या मुलीला नोकरी मिळत नाही, स्थळ मिळत नाही, आणि नळीतले क्रीम लावताच दोन्ही मिळतात, अशा आशयाच्या जाहिराती पुढे आपण वर्षानुवर्षे पाहिल्या. जाहिरातींवर स्वतःच नियंत्रण ठेवणाऱ्या व्यावसायिक परिषदेने २०१४ साली अशा जाहिरातींवर काही निर्बंध घातले. २०२० साली जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा कंपनीने क्रीमच्या नावातील गोरेपणा काढून तिथे चकाकी आणून बसवली. नाव बदलले. ज्या समजुतीवर ते नाव उभे होते ती समजूत मात्र आपल्या घरात तशीच आहे. वृत्तपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत आजही ‘गोरी’ हे विशेषण शिक्षणाच्या आधी येते.

या समजुतीची किंमत किती भयंकर असू शकते, याचे उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर केरळात घडले. मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथे मूत्रपिंडतज्ज्ञांकडे अंगावर सूज आणि लघवीतून प्रथिने जाण्याची तक्रार घेऊन रुग्ण येऊ लागले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तिथे नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम वापरत असल्याचे सांगितले. या क्रीममध्ये पारा होता. ही नोंद ‘किडनी इंटरनॅशनल’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. क्रीम बंद केल्यावर बहुतेक रुग्ण सुधारले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. परंतु तोंडाला लावायची वस्तू मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक असते?

पाऱ्याचे कार्य समजून घेणे अवघड नाही. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य शरीरात तयार होण्यासाठी एक विकर लागते. पाऱ्याचे क्षार या विकराचे काम रोखतात. त्यामुळे त्वचा काही दिवसांत उजळ दिसू लागते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण पारा तिथेच थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. शिवाय तो फक्त वापरणाऱ्याच्याच अंगात राहतो असेही नाही. टॉवेल, उशी आणि हात यांच्यामार्फत घरातल्या लहान मुलांपर्यंत तो जाऊ शकतो. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवती लावायच्या प्रसाधनांचा अपवाद वगळता तयार मालात अनवधानाने राहिलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाटा कराराच्या सदस्य राष्ट्रांनी २०२३ साली यापुढचे पाऊल टाकून, पारा मिसळलेली सर्वच प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. कायद्यात उणीव नाही. उणीव आहे ती बिननावाच्या डबीतून, परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतून आणि फोनवरच्या दुकानातून येणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेत.

दुसरा धोका पाऱ्याइतका चर्चेत नाही, पण त्याचा प्रसार त्याहून मोठा आहे. तो म्हणजे स्टिरॉइडयुक्त मलमांचा. खाज, गजकर्ण, मुरुम, वांग अशा कोणत्याही तक्रारीवर औषधाच्या दुकानातून एखादी नळी आणायची आणि ती ‘चेहऱ्याचे क्रीम’ म्हणून महिनोन्महिने चोळायची, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गुणकारी आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु स्वतःच्या मर्जीने ती चेहऱ्यावर वापरली की आरंभी कांती उजळते, मग त्वचा पातळ होते, लाल होते, तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. मलम थांबवावे तर चेहरा अधिकच भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. व्यसनाचीच ही रीत. त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षे ओरड केल्यावर सरकारने २०१८ मध्ये अशा चौदा मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातले. ही चिठ्ठी खरोखर किती दुकानांत मागितली जाते, हे वाचकांनी आपल्याच गल्लीतील दुकानात पाहावे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

मग घरगुती तेवढे निर्धोक, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. निसर्गातून आलेली प्रत्येक वस्तू सौम्य असते ही समजूत किमान कोकण-गोव्यातल्या माणसाने तरी बाळगू नये. बिब्ब्याने उठलेले फोड आणि काजूबीच्या टरफलातील तेलाने भाजलेली बोटे आपण पाहिलेली आहेत. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळी पडते. खोबरेल कोरड्या अंगाला उत्तम, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्याला ते मानवेलच असे नाही. त्वचेला खरोखर हवे असते ते थोडेच. सौम्य साबण, कोरडेपणा घालवणारे साधे क्रीम आणि आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात उन्हापासून बचाव, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. सनस्क्रीनच्या नळीवर जो आकडा असतो त्याचाही बाऊ करण्याचे कारण नाही. ३० आकड्याचे मलम उन्हातील त्वचा भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवते, तर ५० आकड्याचे सुमारे ९८ टक्के. आकडा फुगला की दाम फुगतो. लाभ मात्र टक्क्याभराचाच असतो.

आता दुसऱ्या सदराकडे वळू. पर्स, पट्टा, चप्पल यांनी कातडीला अपाय होत नाही, पण विवेकाला होतो. डिझायनर म्हणून जी वस्तू विकली जाते तिच्या किमतीत माल किती आणि नाव किती, याचा एक विलक्षण हिशेब २०२४ मध्ये इटलीतील मिलान येथील न्यायालयासमोर आला. ‘डिओर’ या विख्यात फ्रेंच घराण्याच्या एका हँडबॅगच्या जुळणीसाठी कंत्राटदाराला ५३ युरो दिले जात होते आणि दुकानात ती बॅग २,६०० युरोंना विकली जात होती. चामडे व इतर कच्चा माल यांचा खर्च त्या ५३ युरोंत धरलेला नव्हता, हे सांगणे न्यायाचे ठरेल. तरीही कंत्राटदाराच्या कारखान्यांत कामगारांची पिळवणूक होत असल्याचे तपासात पुढे आले आणि न्यायालयाने त्या कंपनीच्या इटलीतील एका उत्पादन शाखेवर काही काळ प्रशासक नेमला. उंची वस्तू म्हणजे उंची कारागिरी आणि कारागिराला उंची मोबदला, हा भाबडा समज त्या दिवशी उघडा पडला.

ज्यांना खरे नाव परवडत नाही ते खोटे नाव घेतात. ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द आता बाजारात इतका प्रतिष्ठित झाला आहे की दुकानदार तो अभिमानाने उच्चारतो आणि गिऱ्हाईक तो गुणवत्तेची हमी समजतो. किनाऱ्यावरील पर्यटकांच्या बाजारात असा माल उघड मांडलेला असतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार बनावट चिन्हाचा माल विकणाऱ्यास किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कैद होऊ शकते. पण कायद्यापेक्षाही मोठा प्रश्न मनोवृत्तीचा आहे. वस्तू बरी आहे म्हणून ती घेणे वेगळे, आणि चार लोकांनी तिच्यावरचे नाव वाचावे म्हणून घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा ग्राहक खऱ्या दुकानात लुबाडला जातो आणि खोट्या दुकानातही लुबाडला जातो.

या नावाच्या मायेचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या पायांखालीच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात ‘प्राडा’ या कंपनीने जी पादत्राणे मांडली ती पाहून कोल्हापुरातील पोरसुद्धा त्यांचे नाव सांगू शकले असते. कंपनीने मात्र ती केवळ चामड्याच्या चपला म्हणून सादर केली. महाराष्ट्रातील उद्योजकांच्या संघटनेने आक्षेप घेतला, लोकांत संताप उसळला, तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे आणि ते एकट्या महाराष्ट्राला नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही त्याचे भागीदार आहेत. ज्या सीमेवरून दोन राज्ये इतकी वर्षे भांडली, ती सीमा या चपलेने कधीच ओलांडली आहे. अथणीच्या कारागिराची चप्पल आणि कोल्हापूरच्या कारागिराची चप्पल एकाच परंपरेची लेकरे आहेत.

ही चप्पल करण्याचे कष्ट थोडे नाहीत. म्हशीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसचे दिवस मुरवावे लागते. पुढे तळ कापणे, ठोकणे, चामड्याच्याच वादीने शिवणे आणि वेणी घालणे ही कामे हाताने होतात. त्यांत घरातील स्त्रियांचा वाटा मोठा असतो. अशा चपलेला आपण बाजारात शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतो. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच ‘प्राडा’ने महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून, इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करवून घेण्याची घोषणा केली. जोडीची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या घरात. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण इतक्या अक्षरशः क्वचितच खरी ठरली असेल. करार झाला हे चांगलेच झाले. त्या ऐंशी हजारांतील किती रुपये चामडे कमावणाऱ्याच्या आणि वेणी घालणाऱ्या बाईच्या हाती पडतात, याकडे मात्र दोन्ही महामंडळांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

आपल्या वस्तूचे मोल दुसऱ्याने लावल्यावर आपल्याला जाग येते, हा अनुभव पहिला नव्हे. जखमेवर हळद लावण्याचे ज्ञान आपल्या प्रत्येक आजीला असताना १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या लढ्याचे नेतृत्व करणारे डॉ. रघुनाथ माशेलकर हे गोमंतकातील माशेलचे सुपुत्र, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. आपल्याच कुणबी लुगड्याचे उदाहरणही फार लांबचे नाही. विस्मृतीत चाललेल्या या तांबड्या चौकडीच्या वस्त्राला वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि मगच ते आपल्या डोळ्यांत भरले. डिझायनर या शब्दाचा हाही एक अर्थ आहे, आणि तो आदरास पात्र आहे.

मग करावे काय? ग्राहकाने प्रथम डबीची मागची बाजू वाचायला शिकले पाहिजे, कारण पुढच्या बाजूवर विक्रेत्याची इच्छा असते आणि मागच्या बाजूवर कायद्याची सक्ती. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी, तुकडीचा क्रमांक, वापराची मुदत, आणि माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक, यांपैकी काहीही नसेल तर ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नये. दोन आठवड्यांत गोरे करण्याचे वचन देणारे कोणतेही क्रीम संशयास्पद समजावे, कारण प्रामाणिक वस्तू असे वचन देऊ शकत नाही. फोनच्या पडद्यावर मैत्रिणीच्या जिव्हाळ्याने क्रीमची शिफारस करणाऱ्या व्यक्तींनी पैसे वा भेटवस्तू घेतल्या असतील तर तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो वापरला तरच त्याचा उपयोग.

सरकारचे कर्तव्य याहून मोठे आहे. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२३ मध्ये बाजारातील अशा क्रीमविरुद्ध मोहीम काढून माल जप्त केला. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सणासुदीच्या दिवसांत मिठाई आणि खवा यांचे नमुने घ्यावेत हे योग्यच. त्याच तत्परतेने सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतील आणि ब्यूटी पार्लरमधील बिननावाच्या डब्यांचे नमुनेही घ्यावेत आणि निष्कर्ष जाहीर करावेत. जो पर्यटकांचा प्रदेश आहे तिथे देशोदेशीचा माल येणार. म्हणूनच तपासणीची जबाबदारी इथे अधिक आहे.

शेवटी प्रश्न घराचा आहे. सावळ्या मुलीला ‘जरा उन्हात कमी जा’ म्हणणारी मावशी आणि ‘मुलगी तशी बरी आहे, रंगाने थोडी कमी’ म्हणणारे वरपक्षाचे वडीलधारे, हेच पाऱ्याच्या डबीचे पहिले विक्रेते आहेत. कंपनी त्यांच्या मागाहून येते. ज्या घरात मुलीच्या रंगाची उठाठेव होत नाही त्या घरात असले क्रीम खपत नाही. यंदाच्या चतुर्थीला मुलीसाठी काही घ्यायचे असेल तर अथणी-कोल्हापूरच्या कारागिराने शिवलेला एक जोड, घासाघीस न करता, रास्त भावाने घ्यावा. आणि तिच्या रंगाबद्दल घरात कोणी बोलू लागले तर त्याला वेळीच गप्प करावे. या दुसऱ्या भेटीला पैसा लागत नाही.